भाकिते केवळ भाबड्यांसाठी नव्हती
मध्ययुगात युरोपातील ख्रिस्ती सैन्यांनी जेरुसलेमसाठी मुस्लिम सत्तांशी केलेल्या धर्मयुद्धांची (क्रुसेड्स) खरी कारणे जमीन आणि लूट हीच होती, जगाच्या अंताची भाकिते फक्त भाबड्या गर्दीला चेतवण्यापुरती होती, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. लुटीचा मोह होताच. पण भाकितांवर खुद्द नेत्यांचाही विश्वास होता, हे पाचव्या धर्मयुद्धात स्पष्ट दिसते. १२१३ मध्ये त्याची हाक देताना पोप तिसरा इनोसंट याने बायबलमधील जगाच्या अंताविषयीच्या ‘प्रकटीकरण’ ग्रंथातील श्वापदाचा ६६६ हा आकडा इस्लामच्या आयुष्याच्या वर्षांना लावला आणि त्यांपैकी जवळजवळ ६०० वर्षे सरली आहेत, असे लिहिले.

नोव्हेंबर १२१९ मध्ये इजिप्तमधील नाईलच्या मुखाजवळचे दमिएत्ता शहर धर्मयोद्ध्यांच्या हाती पडले. इजिप्तचा सुलतान अल-कामिल धर्मयोद्ध्यांनी इजिप्त सोडण्याच्या बदल्यात जेरुसलेम देऊ करत होता, तरी पोपचा प्रतिनिधी पेलाजियस याने ते नाकारले. पुढे छावणीत अरबी भाकिते वाचून दाखवली गेली, आणि पूर्वेकडून दावीद नावाचा ख्रिस्ती राजा, तोही हिंदुस्थानचा, चालून येत असल्याची वार्ता पसरली. प्रत्यक्षात तिच्यामागे मुख्यतः मध्य आशियातील ख्वारिझमचे मुस्लिम राज्य उद्ध्वस्त करणाऱ्या चंगीझखानाच्या स्वाऱ्या होत्या. जुलै १२२१ मध्ये सैन्य कैरोच्या दिशेने निघाले, त्याला जर्मनीहून आलेली नवी कुमक हेही कारण होते. पण दावीद येणारच, या खात्रीने सबुरीचा सल्ला देणाऱ्यांचा आवाज दुबळा झाला, असे मला वाटते. नाईलला पूर आला, इजिप्शियन सैन्याने बांध फोडले, आणि ऑगस्टअखेर चिखलात अडकलेल्या धर्मयोद्ध्यांना दमिएत्ता परत देण्याच्या अटीवर शरण जावे लागले.