पॅरिसमध्ये घरी जेवायचं बोलावणं: किती वाजता जावं, काय न्यावं?

नमस्कार मंडळी,
आमची नुकतीच लंडनहून पॅरिसला बदली झाली. ऑफिसातल्या एका बाईंनी शनिवारी रात्री आठला आम्हा दोघांना घरी जेवायला बोलावलंय. लंडनला वाइनची बाटली नेली की काम भागायचं. इथेही चालेल ना? आणि आम्ही शाकाहारी आहोत हे आधी सांगावं, की तिथे जे चालेल तेवढं खावं?

---

ताई, शाकाहाराचं आजच कळवा. इथे पदार्थ एकामागून एक वाढतात, सगळ्याचा बेत आधी ठरलेला असतो. आयत्या वेळी सांगितलंत तर तुम्ही उपाशी राहाल आणि त्या बिचाऱ्या ओशाळतील. मासेही चालत नाहीत हे वेगळं लिहा, कारण शाकाहाऱ्यांना मासे चालतात असं समजणारे पुष्कळ भेटतात. ब्री, कोंते, रोकफोर या चीजमध्ये बहुधा वासराच्या किंवा कोकराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) असतं. तुम्ही तेवढं पाळत असाल तर तेही सांगा.

आठ म्हणजे सव्वाआठ. आठच्या आधी तर बेल वाजवूच नका, यजमानांची आवराआवर चाललेली असते. वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल तर फोन करा.

वाइन जेवणाशी जुळेल अशी त्यांनी बहुतेक आधीच निवडलेली असते. म्हणून मी चांगली चॉकलेटं नेते. फुलं न्यायची तर शेवंती मात्र नको! आपल्याकडे ती देवाला वाहतो, इथे १ नोव्हेंबरच्या सुमारास कबरींवर ठेवतात.

बसल्यावर आधी पेयं आणि खारे दाणे, ऑलिव्ह वगैरे येतं. ते तासभरही चालतं, तेव्हा त्यावरच पोट भरू नका. चीज गोडाच्या आधी येतं. ब्रीच्या त्रिकोणाचं टोक आडवं कापून घेऊ नका. कडेने लांबट काप घ्या, म्हणजे मधला मऊ भाग सगळ्यांच्या वाट्याला येतो. इथले लोक हे बारकाईने बघतात.

---

वरचं सगळं पटलं, पण मंडळातल्या इतरांनी ते सरसकट युरोपला लावू नये. आम्ही बर्लिनला असतो. इथे आठ म्हणजे आठच, सव्वाआठला गेलात तर यजमान खट्टू होतात. माद्रिदला आठला कुणी जेवायलाच बसत नाही. तिथे साडेनऊ-दहा होतात आणि जेवण झाल्यावरही गप्पांसाठी सगळे टेबलाशीच बसून राहतात. लगेच उठलात तर त्यांना वाईट वाटतं. टोकियोत घरं लहान, त्यामुळे बरेचदा रेस्टॉरंटमध्येच बोलावतात. कुणी घरी बोलावलं तर ती मोठी आपुलकी समजा आणि नीट बांधलेली भेटवस्तू दोन्ही हातांनी द्या.

आणि ताई, तुम्हाला मुलं असतील तर त्यांचंही आत्ताच विचारून घ्या. बोलावणं "तुम्हा दोघांना" असेल तर ते दोघांनाच असतं. आपल्या सवयीने मुलांना बरोबर नेलं तर टेबलावर त्यांची ताटं मांडलेली नसतात, आणि मुलांना ते फार लागतं.