पालिकेनं काय काय दिलं? – अनुभव धागा

गोदाकाठची
परवा मालमत्ता कराच्या बिलासोबत एक पुस्तिका हातात पडली. 'वर्षपूर्ती'. गुळगुळीत कागद, सुरुवातीची पानं नुसती फोटोंची: हार, फीत, नारळ. पुढं इतके किलोमीटर रस्ते, इतके दिवे, इतकी झाडं लावली. जगली किती, हा रकाना नाही. चाळता चाळता पाणीपुरवठ्याच्या पानावर 'व्हॉल्व्ह ऑपरेटर' दिसलं अन् एकदम आमच्या गल्लीतले नळवाले मामा आठवले. सायकलच्या दांडीला सुतळीनं बांधलेली छातीएवढी लोखंडी चावी. चौकातल्या खड्ड्याचं झाकण पायानं सरकवायचे, चावी आत सोडायचे, अन् फिरवताना मान कलती करून ऐकत राहायचे. पायपातली हवा सुटली की "सोडलंय ओऽऽ!" अशी आरोळी. आमच्या आजीचा नळ चढावर होता, म्हणून तिच्यासाठी दोन आटे जादा. आजी त्यांना दिवाळीत फराळाचा वेगळा डबा काढून ठेवायची. हे कुठल्या अहवालात येणार?

म्हणून हा धागा. तुमच्या पालिकेनं खरंच दिलेलं काही आठवतंय का? चांगलं, वाईट, गमतीचं, काहीही लिहा. फक्त तक्रार असेल तर गावाचं नाव नको. मागच्या धाग्यावर त्याच्यावरूनच जुंपली होती.

मोंढ्यावरचा
नाव नको म्हणलात ते बरं केलं. आमच्याकडं पाणी आठवड्यातून एकदा. पुस्तिकेत छापलंय 'नियमित पाणीपुरवठा'. आता दर आठवड्याला येतंय म्हणजे नियमितच की. खोटं कुठंय.

शेंगाचटणी
हाहाहा. नियमाचं पक्कं पाणी.

लातूरचं पोरगं
२०१६. बास. बाकी काय लिहायची गरज नाही.

शेंगाचटणी
लिही की बाबा, पुण्या-मुंबईचे बी वाचतेत हितं.

लातूरचं पोरगं
बरं. मांजरा धरण कोरडंठाक. मार्चात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी, १४४ कलम. पाण्यासाठी! एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, 'जलदूत' म्हणायचे. पहिली गाडी १२ एप्रिलला आली, १० वाघिणी म्हणजे टाकीचे डबे, एकीत ५० हजार लिटर. नंतर ५० वाघिणींची गाडी आली, म्हणजे एका खेपेला २५ लाख लिटर. वाघिणी राजस्थानात कोट्याला वाफेनं धुऊन आणलेल्या. टीव्हीवाले स्टेशनावर अन् आम्ही गल्लीत टँकरची वाट बघत. माझी दहावी झालेली, सुट्ट्या. काम एकच, टँकरच्या नंबराची चिठ्ठी सांभाळायची. आईनं ती देवघरात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवलेली. पण एक सांगतो, टँकरवरची माणसं त्या उन्हात नाव पुकारून घरटी पाणी वाटायची. कुणी त्यांला शिव्या घालायचं, कुणी ताक द्यायचं. आमची आई दोन्ही.

गोदाकाठची
"आमची आई दोन्ही." काकूंना नमस्कार सांग.

नांदेडची मीरा
आमचं २००८. गुरु-ता-गद्दीला, म्हणजे गुरु ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळालं त्याला, ३०० वर्षं झाली त्या वर्षीचं. शहरांसाठीच्या केंद्राच्या नेहरू योजनेचा पैसा आला अन् शहर सगळं खणून काढलं. रिक्षावाला रोज नव्या वाटेनं न्यायचा, त्यालाच माहीत नसायचं कुठून निघणार. सासूबाई रोज म्हणायच्या, हे कधी होतंय. झालं की! रुंद रस्ते, पूल, गोदेचे घाट. देशोदेशीचे यात्रेकरू आले. घाटावर आम्ही संध्याकाळी नुसतं बसायला जायचो, पोरांना

पाणी आलं!! नंतर लिहिते

बाप्पा
मीराताई मोटर लावू नका, शेजाऱ्याचं वढून घेतंय ते.

दख्खन दरवाजा
संभाजीनगरातून. पाण्यावर चाललंच आहे तर निजामशाहीच्या मलिक अंबरला पण अहवालात घ्या. सतराव्या शतकात खापरी नळ टाकून डोंगरातलं पाणी शहरात खेळवलं, नहर-ए-अंबरी. मधेमधे उंच बंबे बांधलेले, हवा जायला. वीजबिल शून्य. पाणचक्कीत त्याच धर्तीच्या दुसऱ्या नहरीच्या पाण्यावर जातं फिरायचं. आता जायकवाडीचं पाणी उपसून आणायचं, ७०० अन् १४०० मिलिमीटरच्या जुन्या लाइनी होत्या, त्याच्यावर आता २५०० ची नवी. पैठण रस्त्यानं ते पाईप पडलेले होते तेव्हा आमचं लहानं आत उभं राहून गाणं म्हणायचं, घुमतं म्हणून.

आणि २०१९ च्या सुरुवातीला स्मार्ट बस आली ती मला आवडली. आई एकटी बसनं जायला लागली. आधी प्रत्येक वेळेला "तुला वेळ आहे का" असं विचारायची. आता नाही विचारत.

पाटीपेन्सिल
@दख्खन दरवाजा सिद्धार्थ उद्यानातले पांढरे वाघ आहेत का अजून? मामाकडं आलो की पहिलं तिथंच जायचो.

दख्खन दरवाजा
आहेत. लेकरंबाळं बी झाली त्यांना.

शेंगाचटणी
वाघ बघून झाले की नान-कलिया, म्हणजे नान अन् मटणाचा रस्सा. आमचा ठरलेला कार्यक्रम होता. कुठला चांगला सध्या?

दख्खन दरवाजा
ते असं जाहीर सांगायचं नसतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

जालनेकर
जालना महापालिका २०२३ ला झाली, पण आमचा घाणेवाडीचा तलाव निजामकाळातला. तिथूनही उतारानंच पाणी यायचं गावात, मोटर-बिटर नाही. मोठे तलाव बांधणाऱ्याला 'वर्षपूर्ती' छापायला सुचलं नाही, तेवढंच.

बाप्पा
जकात नाका कुणाला आठवतो का? वडील नाकेदार होते. बांबूचा आडसर, त्याच्या टोकाला दगड बांधलेला, अन् एक कंदील. रात्री ट्रकवाले हॉर्न मारायचे, मी दोरी सोडायचो. मला वाटायचं गाव आपल्याच ताब्यात आहे. नगरपालिकांची जकात गेली अन् नाका पाडला. आता तिथं मोबाइलचं दुकान आहे.

नांदेडची मीरा
आले. मोटर सगळेच लावायलेत ओ बाप्पा, मी एकटीनं न लावून काय होतंय? काय लिहीत होते विसरले. घाट चांगला आहे एवढंच. डाळ उतू चाललीय.

अबोली
थोडं जड लिहिते, चालेल ना. २०२१ च्या एप्रिलात बाबा गेले. आम्ही सगळे घरात पॉझिटिव्ह, कुणी जाऊ शकलं नाही. स्मशानभूमीतल्या पालिकेच्या कर्मचाऱ्यानं सगळं केलं अन् रात्री स्वतः फोन केला, "ताई, नीट झालं सगळं." रोज किती येत होते ते तुम्हाला माहितीय. पंधरवड्यानं भाऊ अस्थी आणायला गेला तर ओळीनं मडकी मांडलेली, प्रत्येकावर खडूनं नाव. बाबांच्या नावापुढं 'गुरुजी' लिहिलेलं. बाबा शिक्षक होते हे त्याला कुणी सांगितलं, आम्हाला अजून माहीत नाही.

बाप्पा
हात जोडतो.

गोदाकाठची
अबोली, जड नाही गं. बरं केलंस लिहिलंस.

लातूरचं पोरगं
त्यांचाच विद्यार्थी असंल ताई.

अबोली
असेल. भावानं मास्कमधून तोंड नीट पाहिलं नाही. शाल घेऊन गेलो होतो नंतर, तोवर बदली झालेली.

सोनपापडी
विषय जरा वेगळा, पण इथं माहितगार दिसतायत म्हणून विचारते. मुलीच्या जन्मदाखल्यावर नावच नाहीये, नुसतं 'स्त्री'. शाळेत मागतायत. ती आता पाच वर्षांची. काय करायचं?

जालनेकर
जन्म ज्या हद्दीत झाला तिथल्याच नोंदणी विभागात जायचं. नाव टाकायला पहिल्या १२ महिन्यांत पैसे लागत नाहीत, पुढं १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून टाकता येतं. आईबापाचं आधार, जुना दाखला न्या. अर्जाची पोच मागा, त्यावर किती तारखेपर्यंत देणार ते लिहून घ्या. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे त्याच्यासाठी. उशीर केला तर अपील करता येतं. स्पेलिंग तिथंच उभं राहून तपासा.

सोनपापडी
थँक्यू दादा! उद्याच जाते.

मोंढ्यावरचा
मार्चात नका जाऊ. सगळा स्टाफ वसुलीवर असतो, खिडकीला कुणी भेटत नाही. आमच्या गल्लीत मागच्या मार्चात थकबाकीदाराच्या दारात हलगी वाजवायला आले होते.

शेंगाचटणी
मग?

मोंढ्यावरचा
मग काय, पोरं नाचली. ते काका बाहेर आले, सगळ्यांना चहा पाजला, म्हणले अजून एक चाल वाजवा मग चेक देतो.

बाप्पा
दिला का?

मोंढ्यावरचा
दिला की. बाउन्स झाला.