मदत हवी आहे: बेन फोल्ड्सचं पुढे काय ऐकू?

नमस्कार मंडळी,

गेले दोन महिने मी बेन फोल्ड्स या अमेरिकन गायक-पियानोवादकाच्या गाण्यांत पुरता अडकलोय. 2000 मध्ये त्याचा 'बेन फोल्ड्स फाइव्ह' हा बँड फुटला (नावात पाच, माणसं तीनच!) आणि 2001 मध्ये 'रॉकिन द सबर्ब्ज' हा त्याचा एकट्याचा अल्बम आला, तोही नेमका 11 सप्टेंबरला. त्यात जवळजवळ सगळी वाद्यं त्यानेच वाजवली आहेत. मुलासाठी लिहिलेलं 'स्टिल फायटिंग इट' ऐकताना मला दर वेळी भरून येतं. माझाही मुलगा आता मोठा होतोय, म्हणून असेल.

2002 च्या लाइव्ह अल्बममध्ये तो एकटा पियानोवर बसतो आणि समोरच्या प्रेक्षकांना वेगवेगळे सूर वाटून देऊन त्यांच्याकडून कोरस गाऊन घेतो. ते तर मी रोज ऐकतो.

आता पुढे कुठे वळू? 2005 चा 'साँग्ज फॉर सिल्व्हरमन' घ्यावा, की इंग्रज कादंबरीकार निक हॉर्न्बीच्या शब्दांवर केलेला 2010 चा 'लोन्ली अ‍ॅव्हेन्यू'? 2015 च्या 'सो देअर'मध्ये पियानो कन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) आहे, पण पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा माझा कान तयार नाही. आधी काय ऐकलं तर तो नीट पोचेल?

आणखी एक. माझ्याकडे 61 पट्ट्यांचा कीबोर्ड आहे. बेनचा डावा हात खर्जात फार खाली जातो, तिथे माझ्या पट्ट्याच संपतात. 'द लकिएस्ट' हे त्याचं गाणं कुणी अशा कीबोर्डवर बसवलंय का? डाव्या हाताचं काय केलंत, ते जरा सविस्तर सांगा.