पहिल्याच मोहिमेत पात्र मेले तर चालेल का?

माहीमकर

पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी माझ्या घरी पाच जणांसाठी डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळाची (चालवणारा प्रसंग सांगतो, प्रत्येक जण एक पात्र होऊन वागतो, आणि निकाल फाशावर ठरतो) एका बैठकीत संपणारी मोहीम चालवायची आहे आणि पाचांपैकी चौघांनी वीस बाजूंचा फासा अजून हातातही धरलेला नाही. दुपारी चारला सुरुवात करून आठला आटोपायचे आहे, कारण एक जण विरारचा आहे, एक बदलापूरची, आणि आठनंतर दोघांचेही लक्ष फाशांपेक्षा गाडीच्या वेळेकडे अधिक असते. ओळखी, चहा आणि 'हा आकडा कुठे लिहायचा' यांत तासभर जाणार हे धरले, तर खेळायला तीनच तास उरतात.

मी काय ठरवले आहे ते आधी मांडतो, मग आपण त्याची खुशाल चिरफाड करावी. पात्रे मीच तयार करून देणार. वाट एकच ठेवणार: गावात काम मिळते, घाटात गॉब्लिन, म्हणजे खुजे लुटारू राक्षस, अडवतात, लेण्यांत शेवट होतो. लेण्यांचा नकाशा कान्हेरीवरून बेतला आहे, कारण शाळेच्या सहलीला बोरिवलीचे ते जंगल पाहिलेल्या माणसाला कातळातल्या पाण्याच्या पोढ्या (कोरलेली टाकी) आणि लेण्यांमधून चढत जाणाऱ्या पायऱ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. शेवटच्या पोढीमागे एक गुप्त दार आहे. आणि या मोहिमेत कोणाचेही पात्र मरणार नाही, ही माझी मुख्य अट आहे.

अट का, त्याचा हिशेब देतो. २०१४ च्या नियमांप्रमाणे पहिल्या पातळीवरच्या जादूगाराला साधारण ७ हिट पॉइंट (शून्यावर आले की पात्र आडवे) असतात आणि त्याचे संरक्षण, म्हणजे मारा लागण्यासाठी गाठायचा आकडा, १२ च्या आसपास. गॉब्लिन फाशावर पडलेल्या आकड्यात ४ मिळवतो, म्हणजे ८ किंवा अधिक पडले की बाण लागतो. हे शंभरातून ६५ वेळा घडते. लागलेला बाण ३ ते ८ हिट पॉइंट नेतो. दोन बाण लागले की जादूगार जवळजवळ हमखास आडवा, आणि तीन बाणांतला एक तर एकट्यानेच त्याला आडवा करतो. असे चार गॉब्लिन झुडपांतून निघाले, तर ज्या माणसाने अजून आपल्या पात्राचे नावही धड ठरवलेले नाही, त्याने पुढचे अडीच तास काय करावे?

डोंबिवलीकर

आपला हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. शून्यावर येणे म्हणजे मरणे नव्हे. पडलेला खेळाडू आपल्या प्रत्येक पाळीला फासा टाकतो, १० किंवा अधिक पडले तर एक यश, आणि तीन अपयशांच्या आधी तीन यशे मिळाली की जीव वाचतो. शिवाय मध्येच एखाद्या साथीदाराने उपचाराचा मंत्र टाकला तर तो उठून लढूही लागतो. नवख्या टोळीत खरी एकजूट मी याच दोन-तीन पाळ्यांत होताना पाहिली आहे, कारण तोवर जो तो आपापल्या कागदात डोके खुपसून बसलेला असतो. आपण मृत्यूच काढून टाकलात, तर हा प्रसंग कशाच्या जोरावर उभा राहणार?

दुसरे असे की, २०१४ च्या नवशिक्यांसाठीच्या अधिकृत संचातली पहिली चकमक आपण म्हणता तशीच आहे: रस्त्यात मेलेले घोडे आणि दबा धरून बसलेले चार गॉब्लिन. परंतु टोळी हरलीच, तर गॉब्लिन सर्वांना बेशुद्ध टाकून लुटून निघून जातात, अशी तजवीज त्याच मजकुरात केलेली आहे. हरण्याला मरणाखेरीज दुसरी किंमत लावता येते. आपण मात्र हरणेच रद्द करत आहात.

आणि एकच वाट ठेवून तिच्यावर गुप्त दार? दार सापडायला फाशावर १५ किंवा अधिक लागत असतील आणि कोणालाच विशेष कौशल्य नसेल, तर एकेकाची शक्यता ३० टक्के. पाचही जणांनी शोधून पाचही हुकण्याची शक्यता साधारण सहांत एक. त्या सहाव्या रविवारी आपण काय करणार? फासा पुन्हा टाकायला लावणार, म्हणजे आधीचा फासा खोटा होता हे नवख्यालाही कळणार.

परळवासी

मरण आणि दार हे दोन्ही मुद्दे मला दुय्यम वाटतात. नवखा माणूस अडतो तो 'आता तू काय करतोस?' या प्रश्नावर. डीएम, म्हणजे मोहीम चालवणारा, इतके सुंदर वर्णन करतो, सगळे ऐकतात, आणि मग त्याच्याकडेच बघत बसतात. गॉब्लिनशी बोलावे, पळावे की मारावे, याचा आतून काहीच अंदाज नसतो, कारण गॉब्लिन आपल्या आजीने कधी सांगितलेला नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या चाळीतल्या खोलीत चटईवर बसून खेळलो, तेव्हा मी घाटातल्या गॉब्लिनच्या जागी शिवेवरचा राखणदार, म्हणजे कोकणात गावाची हद्द राखणारा देव, ठेवला. माझा एक मावसभाऊ तासभर 'मी यांच्या मागे जातो' याखेरीज अक्षर बोलला नव्हता. राखणदाराने वाट अडवली आणि बाकीचे तलवारी उपसू लागले, तसा हा गुडघ्यांवर उठून बसला, हात जोडले आणि थेट गाऱ्हाण्याला सुरुवात केली: "बा देवा म्हाराजा, ही लेकरां तुझ्या शिवेत इली हत..." दुसऱ्या वाक्याला उरलेले चौघे आपसूक "व्हय म्हाराजा" म्हणू लागले. पाणी आणायला आलेली माझी आई दारातच थांबली. मी त्याला मन वळवण्याचा फासा टाकायला सांगितला, ४ पडले, आणि तरी मी वाट मोकळी केली. ते ४ मी राखणदाराच्या नाराजीत जमा केले: परतीच्या वाटेवर त्याने चकवा घातला आणि टोळी रात्रभर त्याच पिंपळाभोवती फिरली.

त्याला एकही नियम ठाऊक नव्हता, पण राखणदारापुढे कसे वागतात ते ठाऊक होते. मोहीम सोपी करायची असेल तर ती या अंगाने करावी.

माहीमकर

प्रसंग वाचून हेवा वाटला. तरी दोन शंका आहेत. माझ्याकडच्या पाचांत एक गुजराती आहे आणि एक मूळचा चंद्रपूरचा. राखणदार त्यांना गॉब्लिनइतकाच परका, आणि इतर तिघांना तो ओळखीचा असल्यामुळे हे दोघे अधिकच बाहेर पडतील. शिवाय ज्याच्यापुढे कोणाच्या घरचे लोक आजही नारळ ठेवतात, त्याच्यावर एखाद्याने आगीचा गोळा टाकला तर मी काय उत्तर देऊ? गॉब्लिनच्या बाजूने कोणी दुखावत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

दाराबाबत डोंबिवलीकर म्हणतात ते निमूट मान्य.

मुलुंडची नवखी

इथे सगळे चालवणारेच बोलत आहेत, म्हणून खेळणारीची बाजू लिहिते. मी आजवर एकदाच खेळले आहे. माझ्या हातात जादूगारीण दिली होती, तिच्या कागदावर सहा मंत्र होते, आणि ते वाचून होण्याआधीच शेजारचा अनुभवी मुलगा "तू हा टाक, आता हा टाक" सांगू लागला. नियम मला जड गेले नाहीत. माझी पाळी माझ्याकडे कधी आलीच नाही. माहीमकर, तुमच्या पाचांतल्या त्या एका जुन्या खेळाडूला आधी बाजूला घेऊन बोला.

साडेपाचला माझे पात्र मेले. नियमाप्रमाणेच मेले, तीनही फासे मीच टाकले, त्याबद्दल काही म्हणणे नाही. त्यानंतर आठपर्यंत मी सर्वांसाठी चहा केला. डोंबिवलीकरांना ज्या दोन-तीन पाळ्यांचा थरार आठवतो, त्या थरारानंतर ती व्यक्ती कुठे बसली होती हेही त्यांनी आठवून पाहावे.

डोंबिवलीकर

हा टोला मला बसला. मोहिमा सलग वर्षभर चालवण्याच्या सवयीमुळे, पात्र मेले तर माणूस पुढच्या आठवड्यात नवे घेऊन येतो, हेच मी गृहीत धरत होतो. एका बैठकीच्या खेळाला पुढचा आठवडा नसतो. तरीही उपाय मरण काढणे हा नाही. लेण्यांत एक बंदिवान ठेवा, घाटात पकडलेला हमाल म्हणा, त्याचा कागद तयार असू द्या. ज्याचे पात्र गेले त्याच्या हाती पाच मिनिटांत तो कागद पडला पाहिजे. कोणीच मेले नाही, तर तो बंदिवान नुसता सुटतो. तयारी फुकट जात नाही.

राखणदाराविषयी मात्र मी परळवासींच्या बाजूने आहे. चंद्रपूरच्या माणसाला विचारा, त्याच्याकडे जंगलाच्या हद्दीवर काय असते. तो तुमच्यापेक्षा अधिक सांगेल. शिवेवर कोण उभे आहे हे खेळाडूंनाच ठरवू द्या.

माहीमकर

बंदिवान घेतला. दार आता पोढीमागे उघड दिसेल. फाशावरून ठरेल ते एवढेच, की ते उघडताना किती आवाज होतो आणि आत कोण जागे होते. मंत्र सहांऐवजी तीन, ठळक अक्षरांत. घाटात चारांऐवजी दोन गॉब्लिन असतील आणि शिवेवर कोण उभे आहे हे मी टोळीलाच विचारीन, पण त्याच्याशी लढण्याची वेळ येऊ देणार नाही.

मरणाची अट मी अजून सोडलेली नाही. पडलेल्याला गॉब्लिन ओढून लेण्यांत नेतील, म्हणजे बंदिवान दोन होतील.

डोंबिवलीकर

चालेल. मग निदान एक करा, फासे चालवणाऱ्यासमोर उभा करतात त्या पडद्याआड टाकू नका. जे पडेल ते सर्वांना दिसू द्या.

माहीमकर

माझ्या टेबलावर नकाशा, पाच जणांचे कागद आणि चहाचे कप मांडल्यावर पडद्याला जागाच उरत नाही.