मदत हवी आहे: इंजिन ब्लॉकच्या वाट्या पाणी गोठल्यावर खरंच ब्लॉक वाचवतात का?

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे. भावाने जुना ट्रक घेतलाय, जानेवारीत चादरी-टॉवेलचा माल घेऊन तो श्रीनगरला जाणार आहे. तेव्हा तिकडे चिल्लई कलान असतो, २१ डिसेंबरपासूनची चाळीस दिवसांची कडक थंडी. रात्री पारा शून्याखाली जातो. आधीच्या मालकाने रेडिएटरमध्ये बोअरचं पाणीच वापरलंय.

मिस्त्री म्हणतात, "ब्लॉकला पत्र्याच्या वाट्या ठोकलेल्या असतात, पाणी गोठलं की त्या उडतात अन् ब्लॉक वाचतो. कूलंटला पैसे कशाला घालता?" माणूस अनुभवी आहे, पण मला हे पटत नाही. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. बर्फ नेमका वाटीमागेच धरेल कशावरून? सिलिंडरांमधल्या चिंचोळ्या वाटेत धरला तर बिडाचा ब्लॉक तडकणारच ना? आणि वाटी उडाली तरी सगळं पाणी वाहून जाणार. घाटात, रात्री, भाऊ एकटा.

त्यातून एक वाटी गंजलीय, कडेने पाणी पाझरतंय. तेवढीच बदलू की सगळ्या? एक गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, तो उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. पितळी वाट्या बसवल्या तर चालतील का? कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद:
तुमची शंका रास्त आहे. ब्लॉक ओतताना आत वाळूचा गाभा असतो, तो काढायच्या भोकांना ही बुचं, म्हणजे कोअर प्लग. गोठल्यावर कधी उडतात, कधी ब्लॉक आधी फुटतो. संरक्षण कूलंटच देतं. इथिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घ्या, उणे ३५ अंशांपर्यंत काळजी नाही. नुसतं ग्लायकॉल मात्र ओतू नका, ते उणे १३ च्या आसपासच गोठतं. आधी क्षार निघेपर्यंत आतून फ्लश करा. एक वाटी गंजली म्हणजे बाकीच्याही तेच पाणी प्यायल्यात, सगळ्या बदला. पितळी उत्तम, गंजत नाहीत. माप तंतोतंत हवं, बैठक घासून सीलंट लावूनच ठोका. कूलंट उन्हाळ्यातही राहू द्या, गंज धरत नाही आणि उकळबिंदूही वाढतो.

धागाकर्ता:
मनापासून आभार, दादा. भावाला आत्ताच वाचून दाखवलं. सगळ्या बदलतो. गिअरबॉक्स उतरवतोच आहोत, तर त्याच वेळी क्लच प्लेटही बघून घ्यावी का?