प्रतिसाद : जुने इंग्रजी कवेलू, सिमेंटात बसवायचे का?

भाऊ, परसातल्या अवजारांच्या खोलीवर पाडलेल्या घराचे इंग्रजी कवेलू (म्हणजे मंगळुरी कौलं) टाकताय ते बरं, पण सगळे सिमेंटात बसवायचा विचार सोडा. एक फुटला की काढताना शेजारचे दोन जातात, आणि आपल्याकडे वानरं वर्षातून एकदा तरी हजेरी लावतातच.

आधी प्रत्येक कवेलू टिचकी मारून ऐका. खणखणीत वाजला तर ठेवा. भद्द वाजला तर आत चीर आहे. मग मागचा छाप बघून कारखान्यानुसार वेगळे करा. १८६५ साली मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने अशा कवेलूंची सुरुवात केल्यावर कितीतरी कारखाने निघाले. वरून सगळे सारखे दिसतात, पण वेगळ्या साच्यांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत आणि पाणी तिथूनच शिरतं. दुसऱ्या छापाचे उरले तर त्यांचं वेगळं पाखं (छताची एक उतरती बाजू) करा.

रिपांचं, म्हणजे कवेलू टेकायच्या आडव्या लाकडी पट्ट्यांचं, अंतर पुस्तकातून घेऊ नका (बहुधा ३२ सेंमीच्या आसपास येईल). पाच-सहा कवेलू जमिनीवर जोडून मोजा, मगच खिळे ठोका. चौरस मीटरला साधारण १५ लागतात, एकेक दोन किलोच्या वर. वासे त्या हिशोबाचे हवेत, उधईने खाल्लेले नकोत.

वळचणीपासून वर चढत या. मे महिन्यातलं वादळ कडेचेच कवेलू उचलतं, म्हणून खालची ओळ आणि दोन्ही कडा मागच्या छिद्रातून तारेने रिपेला बांधा. सांधे भरायचा मसाला फक्त आढ्यावर, तोही सिमेंटाचा नाही, चुन्याचा.