मासा पाण्याबाहेर का मरतो? लहान मुलांना कसं दाखवू? परवा तास आहे

पाटीपेन्सिल: आज माशांचा पाठ सुरू केला आणि पहिल्याच प्रश्नाला अडकले. "हवेत तर जास्त ऑक्सिजन असतो ना, मग मासा बाहेर काढल्यावर का मरतो?" मला धड सांगता आलं नाही, मुलगी हिरमुसली. तक्ते आहेत. करून दाखवण्यासारखं काहीतरी सांगा, लवकर.

जलतरंग: मुलं कितवीची? पट किती? वर्गात मासे आहेत का?

काचघर: ताई, छोटी टाकी आणाच. आमच्या वर्गात गप्पी आहेत. तोंड उघडलं की कल्ल्यांवरची झाकणं मिटतात, तोंड मिटलं की उघडतात. मुलं तासभर हलत नाहीत.

निळाई: परवासाठी आणू नका! नवी टाकी स्थिरावायला काही आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कल्ल्यांना इजा करतं.

काचघर: क्लोरीन घालवायचं औषध मिळतं. आमच्या गप्पींना पिल्लंसुद्धा झाली.

निळाई: पिल्लं झाली म्हणजे घाई बरोबर ठरत नाही.

पाटीपेन्सिल: टाकी नाही, आणणारही नाही. तिसरी, ३८ मुलं, ३५ मिनिटं. प्रश्न मासा बाहेर काढल्यावर काय होतं याचा आहे!

रानवाटा: देवमासा आणि डॉल्फिन मासे नाहीत, हे आधी सांगा. ते फुप्फुसांनी श्वास घेतात, पिल्लांना दूध पाजतात.

जलतरंग: मऊ केसांचा रंगाचा ब्रश आणि पाण्याने भरलेला काचेचा ग्लास घ्या. ब्रश पाण्यात हलवला की केस सुटे होऊन फुलतात. बाहेर काढला की चिकटून एकच टोक होतं. कल्ल्यातल्या लाल, नाजूक पाकळ्यांचं तसंच होतं. त्यांना पाणी तोलून धरतं. बाहेर त्या एकमेकींवर पडतात, मग वाळतात. ऑक्सिजन भोवती भरपूर, पण तो घ्यायला उघडी जागाच उरत नाही. आणि पाण्यात "विरघळलेला" ऑक्सिजन म्हणा, साखरेसारखा.

निळाई: हे पटलं. फक्त कुणीतरी निवटीचं, म्हणजे चिखलातल्या माशाचं, विचारेल, तयारी ठेवा. ती चिखलावर उड्या मारते, पण कल्ल्यांपाशी पाणी साठवून ठेवते आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेते.

हिरवाचाफा: आमच्या टाकीचं पाणी हिरवं झालंय, काय करू?

काचघर: ऊन येतंय का टाकीवर? जागा बदला, खाणं कमी घाला.

पाटीपेन्सिल: जलतरंग, आत्ता करून पाहिलं. केस फुलले तेव्हा मलाच कळलं की मी काय सांगत नव्हते! पण मागच्या बाकांना दिसेल का?

जलतरंग: गटागटाला एकेक ग्लास द्या. ब्रश त्या मुलीच्या हातूनच बाहेर काढवा.